टँक सुरू झाला की निघू

मी रायपूरला गेले ती माझ्या थोरल्या बहिणीला पुण्याला घेऊन यायला. वाटेत लढाईतला एक टँक आडवा उभा आहे हे मला माहीत होतं, पण तो इतका जड निघेल असं वाटलं नव्हतं. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, रायपूरला काय पाहिलंस? टँक म्हटलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

विमलताई लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला गेली, त्याला चाळीसेक वर्षं झाली. भाऊजी, म्हणजे प्रभाकर बोंडे, रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाले, मुलगा नितीन पुण्यात नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. सूनबाईची रजा संपत आली तसं नितीननं आईबाबांना कायमचं पुण्याला बोलावलं. ताई त्याच दिवशी तयार झाली. भाऊजी म्हणाले, "टँक सुरू झाला की निघू."

हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा नात पालथीही पडत नव्हती. आता ती घरभर चालते, सोफ्यावर चढते, आणि भाऊजींचं उत्तर काही बदललेलं नाही. शेवटी नितीनचा मला फोन आला, की कुंदामावशी, बाबा आमचं कुणाचं ऐकत नाहीत, तू जाऊन ये. घरात कुणाला सरळ करायचं असलं की मलाच पाठवतात. मी काही मुद्दाम अशी झाले नाही. नवऱ्याबरोबर ऑइल सीलचं, म्हणजे इंजिनातलं तेल गळू न देणाऱ्या कड्यांचं, दुकान चालवताना गळक्या वस्तू आणि गळकी माणसं इतकी पाहिली, की 'बघू, करू' म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला.

बहिणीकडे जाताना बायका साडी नेतात. मी भाऊजींनी फोनवर सांगितलेल्या मापांचे ऑइल सील नेले. माझा बेत सरळ होता: टँक सुरू करून द्यायचा आणि ताईला गाडीत बसवायचं.

स्टेशनवर

रायपूरच्या फलाटावर उतरले तेव्हा जानेवारीतलं सकाळचं धुकं होतं आणि अंगात चांगलीच थंडी भरत होती. भाऊजी कानटोपी घालून उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचे मित्र मेश्राम काका. दोघं एकाच दिवशी कारखान्यात लागले, एकाच पाळीत राहिले, आणि निवृत्तीनंतरही एकाच स्कूटरवर हिंडतात. मेश्राम काकांनी माझी बॅग उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"काय बाई, पुण्यात दगड स्वस्त झाले का?"

आत सील आहेत म्हटल्यावर दोघांनी तिथल्या तिथे, फलाटावरच्या बाकावर बॅग उघडली. माझे कपडे बाजूला सारून एकेक सील उजेडात धरून पाहायला लागले. प्रवास कसा झाला हे विचारायचं त्यांना घरी पोचल्यावर सुचलं. मला राग यायला हवा होता, पण गिऱ्हाईक माल असा मन लावून पाहायला लागलं की दुकानदाराला बरंच वाटतं.

घर समता कॉलनीत. ताईनं दारातच मला मिठी मारली, मग मागे सरून म्हणाली, "वाळली काहून एवढी? काही खाते का नाही?" न्याहारीला पोहे आणि त्यावर गरम जिलबी. पुण्यात पोह्याबरोबर जिलबी मागितली तर हॉटेलवाला दोनदा विचारून घेईल. इथे जिलबीशिवाय पोहे दिले तर काहीतरी चुकलं असं वाटतं. तिसऱ्या दिवसापासून मलाही तसंच वाटायला लागलं.

खाताना ताईनं फोनवर नातीला दाखवलं. नात पडद्यावर बोट मारत होती आणि ताई तिकडून येणाऱ्या प्रत्येक बोटाला इकडून बोट लावत होती. मी विचारलं, तू एकटीच का नाही येत? ती म्हणाली, "यायले सोडून कशी येऊ? चहासुद्धा करता येत नाही यायले. अन् संगंच निघू म्हटलं हाय नं." भाऊजी शेजारीच बसले होते. ते जिलबीकडे पाहत होते.

बागेतला टँक

टँक कॉलनीमागच्या एका बागेत आहे. एकाहत्तरच्या लढाईत लढून आलेला, नंतर केव्हातरी लष्करानं शहराला शोभेसाठी दिलेला. त्याला सिमेंटच्या ओट्यावर बसवलं, तोफेचं तोंड बुजवलं आणि पुढची कित्येक वर्षं दर पंधरा ऑगस्टच्या आधी कुणीतरी येऊन रंगाचा एक हात मारत गेलं. लोक त्यावर मुलांना बसवून फोटो काढत, नवी जोडपी टेकून उभी राहत, आणि खालच्या सावलीत कुत्री झोपत.

भाऊजींना तिथे संध्याकाळी फिरायला जायची सवय. एक दिवस त्यांनी इंजिनाच्या झाकणाचा बोल्ट सहज फिरवून पाहिला आणि तो फिरला. तिथून हे सगळं सुरू झालं. मेश्राम काका आले, कारखान्यातले आणखी काही जुने सोबती आले. टँक चालवण्याचा अनुभव असलेले एक निवृत्त सुभेदार जवळच्याच पाऱ्यात राहतात, म्हणजे मोहल्ल्यात, ते आले. त्यांनीच खटपट करून परवानगी मिळवली. रस्त्यावर काढायचा नाही, जागेवर इंजिन सुरू करायचं, एवढीच.

झाकण उघडल्यावर इंजिनावर काय काय निघालं ते भाऊजींनी मला अभिमानानं सांगितलं. टोपलीभर लिंबाची पानं, गुटख्याच्या पुड्या, बॅडमिंटनची फुलं, एका पायातली बाईची चप्पल, आणि एक चांगला स्टीलचा डबा. तो डबा अजून ते चहाची साखर ठेवायला वापरतात.

पहिल्याच रविवारी मी बागेत गेले. पंधरावीस म्हातारे, कुणी वर, कुणी खाली, कुणी नुसतेच सल्ला देत. बायको घरात खिळा ठोकायला सांगते तेव्हा ज्यांना कंबरदुखी आठवते, असेच हे सगळे. पण इथे पोटावर पडून रंग खरवडत होते. रंगाच्या थरांवरून त्यांनी सालं मोजायचा प्रयत्न केला होता आणि त्यावरून भांडणही झालं होतं. माझे सील बसवायला घेतले. एक सोडून सगळे बरोबर बसले. तो एक मी मापात चुकले होते, तर कुणीही मला बोललं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

मग मला आत बसून पाहायची हौस आली. सुभेदारांनी चालकाच्या जागी कसं उतरायचं ते दाखवलं. उतरले सहज. वर येताना ओढणी कुठेतरी अडकली आणि कमरेशी मीही अडकले. अर्धी टँकमध्ये, अर्धी रायपुरात. मेश्राम काका समोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "घाई करू नका बाई. हा तं तसाबी कुठी जात नाही." सगळी बाग हसली. ओढणीचा एक तुकडा आत ठेवूनच मी बाहेर आले.

एवढं सगळं झालं होतं, तरी टँक सुरू होत नव्हता, कारण एक गोष्ट नव्हती. इंजिन सुरू करायच्या मोटरच्या तोंडाशी मुठीएवढं एक दातेरी चाक असतं, पिनियन. ते इंजिनाच्या मोठ्या चाकाला पहिला धक्का देतं. जुन्या पिनियनचे दात झिजून मोडले होते. भाऊजींनी नागपूर, जबलपूर पालथं घातलं, भंगाराच्या गोदामांतून फिरले, सुभेदारांनी ओळखीच्या लष्करी माणसांना विचारलं. कुठेच नाही. एक नवीन बनवून घ्यायचा प्रयत्न मेश्राम काकांनी केला होता, पण कडक करताना भट्टीतच ते तडकलं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यालाही बरेच महिने झाले होते.

"आता मिळेल तवा मिळेल," भाऊजी म्हणाले. हे म्हणताना ते जितके दुःखी दिसायला हवे होते तितके दिसत नव्हते. मला ते खटकलं.

पंडरी

मंगळवारी भाऊजींबरोबर पंडरीच्या ठोक कापडबाजारात गेले. टँकमधल्या आसनांना गाद्या करायच्या होत्या. बस्त्याची गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या शेठनं आम्हाला जाड कॅनव्हासचे तागे दाखवले आणि गादी कशाची करायची विचारलं. भाऊजींनी सांगितलं. शेठ जराही दचकला नाही.

"धुलने वाला दूँ कि ऐसे ही?" एवढंच त्यानं विचारलं.

भाऊजी गंभीरपणे विचार करून म्हणाले, धुण्यासारखाच द्या. मला हसू आवरेना. मग त्या दोघांनी रंगावर चर्चा केली. शेवटी शेठनं कापलेल्या कापडाबरोबर एक तुकडा जास्तीचा दिला आणि चालू होईल तेव्हा मला बोलवा म्हणाला.

बाजारातून निघताना भाऊजींना हाका येत होत्या. कुणी भैया म्हणत होतं, कुणी बोंडेजी, एका रिक्षावाल्यानं थांबून टँकची तब्येत विचारली. रस्त्याकडेला एका बाईकडे आम्ही फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाची उकडलेली वळकटी, वर मोहरी-तिळाची फोडणी आणि हिरवी चटणी. आपल्या उकडीची ही चुलतबहीण, फक्त गोडाच्या नादी न लागलेली. भाऊजींनी न मागता बाईनं त्यांच्या द्रोणात चटणी दुप्पट घातली. मला तेव्हा नितीनची सोसायटी आठवली. तिथे भाऊजींना लिफ्टमध्ये कुणी नाव विचारणार नाही. त्यांना रायपूर का सोडवत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. पण ताई घरी फोनच्या काचेला बोट लावत बसलेली होती, तेही मला विसरता येईना.

बीरगांव

गुरुवारी मी ताईला बाजारात जाते सांगून निघाले. मोडकं पिनियन भाऊजींच्या हत्यारांच्या पेटीतून पिशवीत टाकलं आणि ऑटो करून बीरगांवला गेले. माझं म्हणणं असं, की जिथे एवढे कारखाने आहेत तिथे एक दातेरी चाक बनत नाही हे शक्यच नाही. दुकानदाराला 'मिळत नाही' हे उत्तर पटत नसतं, कारण तो स्वतः ते कंटाळा आला की देतो.

बीरगांव म्हणजे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लागून असलेलं कामगारांचं गाव. झाडांची पानंही काळी. ताईनं सांगितलं होतं की तिकडे गच्चीवर कपडे वाळत घालत नाहीत, आणि माझी पांढरी ओढणी तासाभरात राखाडी झाली. पाळी सुटली होती, सायकलींचा लोंढा चालला होता, चहाच्या टपऱ्यांवर माणसं उभ्यानं वडे खात होती. एका ओळीत लेथची दुकानं होती. मी पहिल्यापासून विचारत निघाले. कुणी नाही म्हटलं, कुणी पुढे जा म्हटलं.

एका दुकानात साहू नावाचा चाळिशीचा माणूस होता. मी पिशवीतून पिनियन काढलं तसा तो हसला.

"ये टँक वाला है न? ये तो कब का बना के रखा है, दीदी. मेश्राम अंकल बोले थे, अभी रहने दो, मैं बताऊँगा."

तडकलं होतं ना ते, मी विचारलं. त्यानं चकित होऊन माझ्याकडे पाहिलं, आत गेला, आणि तेलकट कापडात गुंडाळलेलं नवं पिनियन आणून माझ्या हातावर ठेवलं. दात स्वच्छ, धारदार, एक ओरखडाही नाही. मी बोटानं प्रत्येक दात चाचपला. मग मला इतका संताप आला, की साहूचे आभार मानायचेही राहिले.

मेश्राम काकांकडे

तिथून मी तडक मेश्राम काकांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी त्यांच्या पत्नीचा, शीलावहिनींचा फोटो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. तेव्हा ऑक्सिजनसाठी भाऊजी काकांबरोबर रांगेत उभे राहिले होते, आणि पुढे कितीतरी दिवस ताईनं त्यांना डबा पाठवला होता. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर राग जास्तच होता. सूनबाईनं "नमस्ते आंटी, बैठिए" म्हणून चहा आणि बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीची बशी आणून ठेवली.

ती आत गेल्यावर मी कापड सोडून पिनियन टेबलावर ठेवलं. काकांनी ते पाहिलं आणि नजर खाली घातली. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"त्या दिवशी हे आणाले निघालो होतो," ते म्हणाले. "प्रभाकर म्हणे, हे बसलं का त्याच आठवड्यात आम्ही निघतो. मी बीरगांवले गेलो, हातात घेतलं, अन् साहूले म्हटलं, राहू दे इथंच."

"पण का?"

"बाई, शीला होती तवरी घरात बोलणं होतं. आता पोट्टा हिंदीत बोलते, सून हिंदीत बोलते, नातवायले मराठी समजते पण उत्तर हिंदीतच देतेत. त्यायचं काही चुकत नाही. पण प्रभाकर गेला का मी मराठी कोणासंगं बोलू?"

मी भांडायच्या तयारीनं आले होते. सगळी वाक्यं रिक्षात जुळवून ठेवली होती. आतून नातवाचा आणि सुनेचा हिंदीतला काहीतरी लाडिक वाद ऐकू येत होता, आणि हा माणूस माझ्यासमोर बसून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी शेवटी एवढंच विचारलं, की मग ताईनं काय करायचं?

ते बराच वेळ ठेठरीचा तुकडा मोडत राहिले.

"वहिनीचं तं मी ध्यानातच नाही घेतलं," ते म्हणाले.

पिनियन मी त्यांच्याकडेच ठेवलं. तुम्हीच रविवारी आणा, मी भाऊजींना काही सांगणार नाही, असं म्हणून निघाले. ताईला मात्र सांगितलं. ती लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, देठ बाजूला केले आणि विचारलं, "यायले ठाऊक हाय का हे?" मला माहीत नव्हतं. "मंग रविवारी पाहू," ती म्हणाली, आणि भाजी धुवायला उठली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवार

रविवारी ताई बागेत आली. कित्येक महिन्यांनी. सोबत सगळ्यांसाठी वडाभात करून घेतला होता, कढी वेगळ्या भांड्यात. म्हातारे खूश झाले. मेश्राम काका उशिरा आले. त्यांनी खिशातून कापडाची गुंडाळी काढली आणि सगळ्यांसमोर भाऊजींच्या हातात दिली.

भाऊजींनी पिनियन उलटसुलट करून पाहिलं. त्यांना धक्का बसेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तसं काही झालं नाही.

"साहू मले मागंच भेटला होता," ते काकांना म्हणाले. "त्यानं सांगितलं होतं."

"मंग विचारलं काहून नाही मले?"

"तू सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं नाही."

दोघं एकमेकांकडे पाहून हसले. काकांचे डोळे भरून आले होते, भाऊजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षांची दोस्ती अशीच असते, आणि पाहायला सुंदर असते हे मी नाकारत नाही. पण मी ताईकडे पाहिलं. ती कढीच्या भांड्यावरचं झाकण धरून तशीच उभी होती. नवरा रोज 'मिळालं नाही' म्हणत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं, हे तिला पंधरावीस माणसांच्या घोळक्यात उभं राहून कळलं. तिनं झाकण नीट बसवलं आणि भांडं बाकावर ठेवलं.

मोटर जोडायला वेळ लागला नाही. भाऊजींचा हात असा चालत होता, की सत्तरीचा माणूस आहे हे खरं वाटू नये. बोल्ट बसले, एकेक नट कसला गेला, आणि शेवटच्या नटाशी ते थांबले. मी मेश्राम काकांना विचारलं, आता काय राहिलं?

त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की त्यांच्या पाळीत एक रीत होती. ज्याचा कामावरचा शेवटचा दिवस, त्या दिवशीच्या कामाचा शेवटचा नट तोच कसायचा. पाना खाली ठेवला की तो मोकळा झाला. मग त्याला कुणी थांब म्हणायचं नाही, अगदी जवळच्यानंही नाही. या टँकचा शेवटचा नट प्रभाकरनं कसायचा हे आधीपासून ठरलेलं होतं.

भाऊजी पाना हातात धरून उभे होते. तो नट कसायला क्षणभरही पुरला असता. त्यांनी टँककडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला. त्या थंडीत घाम. ताई पुढे झाली, चप्पल काढून ओट्यावर चढली आणि हात पुढे केला.

"द्या इकडं."

भाऊजींना कळेना. त्यांनी पाना तिच्या हातात दिला तो सवयीनं, बाजारातली पिशवी द्यावी तसा.

"चालली मी हाय," ताई म्हणाली, "तं शेवटचा नट मीच कसतो."

"एकटी जाशील?"

"कुंदा हाय नं संगं. मी रागानं नाही बोलून राहिली. तुमचं मन इथं हाय, तुम्ही इथं राहा. मेश्राम भाऊजीले तुमची सोबत होईल. मले माह्या नातीजवळ जायचं हाय. इतके दिवस तुमची वाट पाहिली, आता नाही पाहत."

तिनं पाना नटावर लावला. पहिल्यांदा तो सटकला, आणि भाऊजींचा हात आपोआप पुढे आला, मग त्यांनीच तो मागे घेतला. ताईनं पदर खोचला, दोन्ही हातांनी जोर लावला. नट फिरला. तिनं विचारलं, अजून? भाऊजी म्हणाले, अजून थोडा. मग म्हणाले, बस. तिनं पाना खाली ठेवला.

सुभेदार आत बसले. ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या होत्या. पहिल्या वेळी नुसतं खरखरलं. दुसऱ्या वेळी आत काहीतरी धडधडलं आणि विझलं. मग मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि पायाखालचा ओटा हादरायला लागला. कानापेक्षा तळपायांना तो आवाज आधी कळला. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर पेशंट आहेत म्हणून ओरडत धावत आला, आणि टँक पाहून मोबाइल काढून उभा राहिला. म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते. माझे सील कुठेही गळत नव्हते, हेही मी वाकून पाहून घेतलं.

भाऊजी एका हातानं इंजिनाच्या झाकणाला धरून उभे होते आणि उघडउघड रडत होते. ताई खाली उतरून वडाभात वाढायला लागली. भाऊजींचं ताट तिनं नेहमीसारखं पहिलं वाढलं.

बुधवारी आम्ही निघालो. स्टेशनवर भाऊजी आणि मेश्राम काका दोघंही आले होते. काकांनी ताईच्या पाया पडायचा प्रयत्न केला, ती मागे सरली आणि म्हणाली, "असं नका करू. यायले वेळेवर जेवायले घाला." गाडी सुटल्यावर ती गोंदियापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मी विचारलं, वाईट वाटतंय का? "वाटते नं," ती म्हणाली. "नाही काहून वाटणार?" मग तिनं डबा उघडला आणि आम्ही जेवलो.

ताई आता नितीनकडे आहे. नात तिला सोडत नाही. दर रविवारी सकाळी भाऊजींचा फोन येतो. ते टँक सुरू करून फोन इंजिनाजवळ धरतात, ताई थोडा वेळ ऐकते आणि म्हणते, पुरे, डिझेल नका जाळू. मग भाऊजी सांगतात की चहा जमायला लागलाय, मेश्राम काका कणीक मळतात, पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. काका मागून ओरडून मराठीत काहीतरी सांगत असतात आणि कुणालाच नीट ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी मी ताईकडेच होते. इंजिनाचा आवाज थांबला आणि भाऊजींनी विचारलं, "पुण्यात काही बंद पडलेलं हाय का, दुरुस्त कराले?"

ताईच्या कडेवर नात होती. तिनं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"हाय नं. माहा उजवा गुडघा."

तिकडून बागेतली माणसं बोलत असल्याचं ऐकू येत होतं. मग भाऊजी म्हणाले, "मेश्रामले सांगतो. पुढचा रविवार झाला का निघतो."

फोन ठेवल्यावर ताई नातीला घेऊन खिडकीशी गेली. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, सोमवारी रायपूरहून गाडी किती वाजता सुटते गं?